धूर कोणी पाहिला?

कायदा शिकावयाचा तर आधी कोडी सोडवावी लागतात, ही गोष्ट आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना अजून नीटशी पटलेली नाही. वकिलाच्या घरची जाडजूड ग्रंथांनी भरलेली कपाटे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वाटते की या विद्येला पाठांतर हवे, खणखणीत आवाज हवा, थोडीशी धिटाई हवी. पण बारावीत शिकणारी आजची मुलगी विधी महाविद्यालयाच्या प्रवेशाची तयारी करू लागते, तेव्हा तिच्या हातात कायद्याचे पुस्तक नसतेच. तिच्यापुढे एक छोटा उतारा असतो आणि त्याखाली प्रश्न असतात : लेखकाने न सांगता काय गृहीत धरले आहे? पुढीलपैकी कोणत्या विधानाने हा युक्तिवाद दुबळा होईल? यावरून कोणता निष्कर्ष अटळपणे निघतो?

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ‘क्लॅट’ ही सामाईक परीक्षा २००८ साली सुरू झाली. २०२० पासून ती उताऱ्यांवर आधारलेली आहे, आणि २०२४ च्या प्रवेशांपासून तीत १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात. त्यांतला सुमारे पाचवा हिस्सा तर्काचा. महाराष्ट्र शासनाची विधी-प्रवेशाची परीक्षा निराळी. ती २०१६ पासून घेतली जाते. मुंबईत चर्चगेटला १८५५ साली स्थापन झालेले जे शासकीय विधी महाविद्यालय आहे, त्याची वाट या दुसऱ्या परीक्षेतून जाते. वसईच्या नंदाखाल गावातल्या मुलाला ही वाट तशी सरळ आहे. विरार स्थानकावर यावे, चर्चगेटची गाडी धरावी, आणि दारापाशी जागा मिळालीच तर उभ्याउभ्या चार प्रश्न सोडवावेत.

असा रोज सराव करणारे मूल हुशार होईल, यात शंका नाही. पण ते न्यायी होईल काय? प्रश्न थोडा आगाऊ वाटेल. परीक्षेने जागा द्यावी, न्यायबुद्धी देणे हे तिचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. तरी हा प्रश्न टाळता येत नाही. कारण याच मुलांतून उद्याचे वकील आणि परवाचे न्यायाधीश निघावयाचे आहेत.

आपल्या भाषेने तर या दोन गोष्टी एकाच शब्दात बांधून ठेवल्या आहेत. कचेरीत मागावयाचा तो न्याय, आणि गौतमाच्या सूत्रांपासून चालत आलेले तर्काचे दर्शन तेही न्याय. एवढेच नव्हे, तर रोजच्या अनुभवातून काढलेले दाखलेही न्यायच. शिताची परीक्षा करून भाताची परीक्षा करावयाची हा स्थालीपुलाक न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, यावरून कावळ्यानेच फांदी मोडली असे ठरवू नये, हे सांगणारा काकतालीय न्याय. एका शब्दाच्या पोटात इतके अर्थ नांदतात, तेव्हा त्यांचे काही नाते असले पाहिजे. ते नाते कोणते, हे पाहावयाचे तर न्यायशास्त्राच्या जुन्या उदाहरणापाशीच जावे लागते. पर्वतावर अग्नी आहे. कारण तेथे धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. येथेही तसाच धूर आहे. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी ही पाच पावले आहेत. परीक्षेच्या उताऱ्यातले युक्तिवाद वेगळ्या पोशाखात आले, तरी बहुधा याच पावलांनी चालतात.

या सरावाचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. पहिला गुण असा, की तो माणसाला स्वतःचे मत उंबरठ्याबाहेर काढून ठेवावयास शिकवतो. ‘सर्व पाखरे पोहतात, चिमणी हे पाखरू आहे, म्हणून चिमणी पोहते.’ मूल हसते आणि म्हणते, हे खोटे आहे. खोटे तर आहेच. पण दिलेली दोन वाक्ये खरी मानली, तर तिसरे टाळता येत नाही. उलट हे पाहा : ‘वाडीतल्या प्रत्येक घराला विहीर असते, या गृहस्थांच्या घराला विहीर आहे, म्हणून यांचे घर वाडीत आहे.’ यातले प्रत्येक वाक्य नंदाखालमध्ये खरे निघू शकेल, आणि तरीही पहिल्या दोहोंतून तिसरे निघत नाही. सत्य वेगळे आणि सुसंगती वेगळी, हे ज्याला एकदा कळले, तो दुसऱ्याचे म्हणणे न आवडताही नीट ऐकू शकतो. आपल्या घरांतली निम्मी भांडणे या एका गोष्टीच्या अभावी होतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरा गुण गुणपद्धतीतच दडलेला आहे. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. माहीत नसताना ठामपणे बोलल्याचा तो दंड आहे, आणि न आल्यास गप्प राहणे हेही एक शहाणपण आहे, हे तो दंड शिकवतो. शासनाच्या परीक्षेत असे गुण वजा होत नाहीत. तेथे अंदाजाने खूण करण्यात नुकसान नाही. दोन्ही परीक्षा एकाच महिन्यात अभ्यासणारे मूल सकाळी मौनाचा आणि संध्याकाळी धाडसाचा धडा घेते. नियमाप्रमाणे खेळणे यात लबाडी नाही. पण पोरांना एवढे मात्र सांगून ठेवावे, की न्यायाच्या कामात चुकीच्या उत्तराचा पाव गुण उत्तर देणाऱ्याचा जात नाही. तो दुसऱ्याचाच कोणाचा तरी जातो.

येथून अडचणीला सुरुवात होते. सरावातल्या प्रत्येक प्रश्नात विधाने दिलेली असतात. ‘उताऱ्यात जे सांगितले आहे ते खरे माना’ ही पहिली अट. धूर आहे, असे उताऱ्याने सांगितले, की तो आहे. पण जगात धूर कोणी सांगत नाही. तो पाहावा लागतो. थंडीच्या दिवसांत सकाळी तुंगारेश्वराच्या डोंगरावर जे पांढुरके तरंगते, ते धुके की धूर, हे ठरवावयास गावात बसून केलेले अनुमान पुरत नाही. पायथ्याशी जावे लागते. जुन्या नैयायिकांनाही ही शंका सुटली नव्हती. दूरच्या वाफेला धूर समजून केलेले अनुमान फसते, हे त्यांनी बजावून ठेवले आहे. न्यायालयात साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी करावयाची, ती याचसाठी. तू धूर पाहिलास काय? कोठून पाहिलास? उजेड किती होता? हजार उतारे सोडवूनही हे प्रश्न विचारण्याची सवय लागत नाही. कारण तेथे साक्षीदार कधी खोटे बोलतच नाही.

याहूनही नाजूक जागा म्हणजे न सांगितलेले वाक्य. प्रत्येक युक्तिवादाच्या दोन पायऱ्यांमध्ये एक पायरी अंधारात असते. तिलाच गृहीतक म्हणतात. वसईच्या माणसाला हे समजावयास पुस्तकाची गरज नाही. ‘ही जमीन माझी आहे, विहीर माझ्या जमिनीत आहे, म्हणून विहिरीतले पाणी माझे, आणि माझ्या वस्तूची मी वाटेल तेवढी विक्री करू शकतो.’ ऐकावयास किती निर्वेध! १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यानेही जमीनमालकाला आपल्या हद्दीत जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क दिलेला आहे. जे पाणी ठरावीक प्रवाहातून वाहत नाही, ते त्याने घ्यावे आणि वापरावे. वसईच्या हिरव्या पट्ट्याशेजारी इमारती वाढू लागल्या, टँकर भरभरून पाणी जाऊ लागले, तेव्हा याच युक्तिवादाने ते गेले. त्यातले न सांगितलेले वाक्य असे होते : माझ्या विहिरीचे पाणी माझ्या कुंपणापाशी थांबते.

ते थांबत नाही. समुद्राकाठच्या या वाळूमिश्रित जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. एकाने उपसा केला की शेजाऱ्याची पातळी उतरते, आणि फार उपसले की खालचे खारे पाणी वर चढते. म्हणून तर इथल्या जुन्या माणसांनी बावखले राखली. पावसाळ्यात ती भरत, जमिनीत मुरत, आणि उन्हाळ्यात रहाटाने केळीला व पानवेलींना पाणी देत. बावखल कोणा एकाच्या वाडीत असले, तरी त्याचा ओलावा साऱ्यांचा, हे त्या व्यवस्थेचे गृहीतक होते. हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन केले, त्याचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखालचेच. त्यांचा जन्म १९४२ सालचा. पुढे त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि २०२४ साली ते गेले. त्यांच्या आंदोलनाविषयी मते अनेक असतील. परंतु तर्काच्या भाषेत बोलावयाचे तर त्या आंदोलनाने एक काम निश्चित केले : अंधारातली पायरी उजेडात आणली. पाणी सर्वांचे आहे, असे म्हणून कायदाही पुढे बदलत गेला. महाराष्ट्राने २००९ चा भूजल अधिनियम केला. ज्याला उताऱ्यातले गृहीतक ओळखता येते, पण गावच्या विहिरीतले ओळखता येत नाही, त्याचा सराव कोठे तरी अर्धवट राहिला आहे.

गृहीतक चुकले तर काय होते, याचा महाराष्ट्रातलाच एक दाखला द्यावयास हवा. तो सणाच्या दिवशी काढावा की नाही, असा विचार मनात येतो. पण ज्या घरांत मुली वाढतात, त्या घरांत तो झाकून ठेवण्यासारखा नाही. १९७२ च्या मार्चमध्ये, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना दोषी ठरवले, आणि भयाने निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, हा भेद केला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. युक्तिवादाचा सांगाडा असा होता : अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकार झाला नाही, म्हणून संमती होती.

हा सांगाडा एखाद्या सरावपुस्तकात घातला आणि ‘यात काय गृहीत धरले आहे?’ असे विचारले, तर सतरा वर्षांची मुलगी मिनिटभरात सांगेल. जो संमत नसतो तो प्रत्येक वेळी झुंजतोच, आणि झुंजल्याच्या खुणा अंगावर राहतातच, ही ती दोन न सांगितलेली वाक्ये. रात्रीची वेळ, पोलीस ठाण्याचे आवार, समोर वर्दीतला माणूस. अशा जागी ही वाक्ये खरी मानणे हे तर्काचे काम नव्हते. ती सवयीने मानली गेली. देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायपीठावर विद्वत्ता कमी नव्हती. अनुमान चालवण्याची शक्ती तर नव्हतीच कमी. कमी पडले ते गृहीतकाकडे वळून पाहणे.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चार विधिशिक्षकांनी सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे या दोहोंत कायद्याच्या आणि साध्या व्यवहाराच्या दृष्टीने अंतर आहे, हा त्या पत्राचा गाभा. ठिकठिकाणी स्त्रियांनी तो प्रश्न उचलून धरला. त्या मुलीच्या खटल्याचा निकाल काही बदलला नाही. पण १९८३ साली कायदा बदलला : ताब्यात असलेल्या स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे. २०१३ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केले, की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती सिद्ध होत नाही. पहावे, की सारा वाद एका गृहीतकाचा होता, आणि कायद्याने उत्तर दिले तेही गृहीतक बदलूनच.

येथे काही सज्जन म्हणतील, ‘म्हणूनच आम्ही सांगतो, तर्काने माणूस कोरडा होतो. न्यायाला अंतःकरण पुरे.’ हे म्हणणे गोड आहे, पण ते टिकत नाही. हळहळ पुष्कळांना वाटली असेल. हळहळीने निकालपत्रातला दोष दाखवता येत नाही. तो दाखवला तर्कानेच. अंतःकरण सांगते की येथे काही तरी चुकले आहे. कोणत्या पायरीवर चुकले, हे बोट ठेवून सांगावयास बुद्धीच लागते. आणि बोट ठेवता आले नाही, तर समोरचा विद्वान म्हणतो, ‘आपल्या भावना समजतात,’ आणि पान उलटतो. तेव्हा औषध तर्क कमी करण्यात नाही, तो अर्ध्यावर न थांबवण्यात आहे.

न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून होतो तो वाद. जिंकावे म्हणून होतो तो जल्प. त्यात शब्दांचे छळही चालतात, जसे ‘नव’ म्हणजे नवे की नऊ असा घोळ घालून समोरच्याला अडकवणे. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे नुसते मोडीत काढणे ती वितंडा. मराठीत आपण ‘वितंडवाद’ म्हणून तिसऱ्यालाही पहिल्याचे नाव जोडून टाकले, यावरून आपल्या घरगुती चर्चांचा अंदाज बांधता येईल. परीक्षेची तयारी करणारे मूल या तिन्ही प्रकारांची हत्यारे उचलते. युक्तिवाद दुबळा करणारे विधान शोधण्यात जो पटाईत झाला, तो आईच्या साध्या वाक्यालाही दुबळे करणारे विधान शोधू लागतो. हत्यार तेच असते; फरक पडतो तो हेतूचा.

हेतू शुद्ध ठेवण्याची एक जुनी युक्ती मात्र आहे, आणि नंदाखालच्या मातीत ती दोन बाजूंनी आली आहे. एक आपल्या शास्त्रकारांकडून. आपले मत मांडण्याआधी विरोधकाचे म्हणणे त्याच्याइतक्याच, जमल्यास त्याच्याहून चांगल्या रीतीने मांडावयाचे. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. दुसरी चर्चच्या परंपरेतून. कोणाला संत म्हणून घोषित करावयाचे असेल, तर त्याच्या विरुद्ध बोलण्यासाठीच रोममध्ये एक अधिकारी नेमलेला असे. १५८७ साली हे पद रीतसर निर्माण झाले, आणि १९८३ च्या सुधारणांपर्यंत ते आपल्या जुन्या स्वरूपात होते. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झाले आणि १८६२ साली संत घोषित झाले, त्या काळात हे पद होते. ज्याच्यावर श्रद्धा आहे त्याच्याविरुद्धही कोणी तरी प्रामाणिकपणे बोलले पाहिजे, ते बोलणे ऐकून मगच घंटा वाजवावी, असे ज्या धर्मसंस्थेला वाटले, तिला तर्काचे भय नव्हते असे म्हणावयास हरकत नाही. सरावातला ‘युक्तिवाद दुबळा करा’ हा प्रश्न प्रत्येकाने आपल्याच आवडत्या मतावर एकदा चालवून पाहावा. तेथे हात कचरतो, आणि म्हणून खरा सराव तेथेच होतो.

एक गोष्ट परीक्षा घेणाऱ्यांनाही सांगावयास हवी. गृहीतके काही फक्त उताऱ्यातच असतात असे नाही. नंदाखालचे मूल घरात सामवेदी बोलीत भांडते, शाळेत मराठीत शिकते, आणि क्लॅटचा उतारा इंग्रजीत वाचते. ही परीक्षा अन्य भारतीय भाषांतही व्हावी, म्हणून २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही झाली. शासनाची परीक्षा मराठीतून देता येते, ही त्या मानाने समाधानाची गोष्ट. ज्याला इंग्रजी वेगाने वाचता येते त्यालाच विचार करता येतो, हे वाक्य कोणी उच्चारीत नाही. पण न उच्चारता ते पुष्कळांना बाहेर ठेवते. अमेरिकेतल्या विधी-प्रवेशाच्या ‘एलसॅट’ परीक्षेत आकृत्या काढून सोडवावयाची तर्काची कोडी कित्येक वर्षे होती. एका दृष्टिहीन उमेदवाराने विचारले, मला आकृती काढता येत नाही, म्हणजे मला तर्क येत नाही काय? २०१९ साली त्या दाव्यात तडजोड झाली, आणि २०२४ च्या ऑगस्टपासून ती कोडी परीक्षेतून गेली. तर्काची परीक्षा घेणाऱ्यांचेच गृहीतक एका परीक्षार्थीने उघडे केले. यापेक्षा चांगले उत्तर त्या परीक्षेत कोणी लिहिले असेल असे वाटत नाही.

मग घरच्यांनी काय करावे? मुलांना कोडी सोडवू द्यावीत. एका मिनिटाला एक या हिशेबाने सोडवू द्यावीत. घड्याळाशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि जागा मिळवणे हीही प्रामाणिक मेहनतच आहे. फक्त उत्तर बरोबर आल्यावर, घड्याळ बंद करून, रात्री जेवताना दोन प्रश्न आणखी विचारावेत. यात न सांगितलेले वाक्य कोणते? आणि ते खोटे निघाले, तर त्याची किंमत कोण भरील? पहिला प्रश्न बुद्धीचा आहे. परीक्षा तो विचारते. दुसरा परीक्षा विचारीत नाही. पण न्याय या शब्दाचे दोन अर्थ जेथे एकमेकांना भेटतात, ती जागा या दुसऱ्या प्रश्नाचीच आहे.

दिवाळीत आपण पणती उंबरठ्यावर ठेवतो. आपल्या शास्त्रकारांनी तिचाही एक न्याय करून ठेवला : देहलीदीप न्याय. एकच दिवा, पण तो घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही. शेजाऱ्याच्या युक्तिवादातली अंधारी पायरी दाखवणारी बुद्धी आपल्या घरातलीही पायरी दाखवू लागली, म्हणजे सराव पुरा झाला असे समजावे. मग जागा कोणत्या विद्यापीठात मिळते, हे निकालाच्या दिवशी पाहता येईल.